चार मीटर गेल्यावर

चौक मोठा होता आणि सकाळची गर्दी ओसरली होती. पादचाऱ्यांचा हिरवा माणूस लागला तेव्हा त्या वयस्कर बाई पदपथाच्या अगदी काठावर उभ्या होत्या. काठ उंच. त्यांनी आधी सिग्नलच्या खांबाला हात टेकला, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. एवढ्यात दोन सेकंद गेले. झेब्र्याचे चार पांढरे पट्टे मागे पडले असतील नसतील, तोच हिरवा माणूस लुकलुकायला लागला. त्यांनी समोरचा काठ पाहिला, मागचा पाहिला आणि परत फिरल्या. पळाल्या नाहीत, दचकल्या नाहीत. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुठे ब्रेक करकरला नाही. नोंद करावी असं काहीही घडलं नाही आणि तरी ते परत फिरणं डोक्यातून जाईना. कारण त्यात भीती दिसली नव्हती. दिसला होता तो हिशेब, रोजच्या व्यवहारात पारखून घेतलेला.

म्हणून तो हिशेब मांडून पाहिला. त्या रस्त्याची रुंदी काठापासून काठापर्यंत १८ मीटर. साडेतीन-साडेतीन मीटरच्या चार मार्गिका म्हणजे १४, शिवाय दोन्ही कडांना गाड्या लावायच्या दोन-दोन मीटरच्या पट्ट्या. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची जुनी रीत आहे. १८ ला १.२ ने भागलं की १५ येतात. हे १५ सेकंद लुकलुकण्याचे. त्याआधी ७ सेकंद स्थिर हिरवा, काठावरच्या लोकांनी निघावं म्हणून. एकूण २२. लुकलुकण्याचा नियमातला अर्थ असा, की आता नव्याने कुणी उतरू नये आणि उतरलेल्यांनी चालत राहावं. पण लुकलुकणारा दिवा बघून ‘चालत राहा’ असं कुणाच्या मनात येतं? दिवा विझायला आला की संपलं, एवढंच डोळ्याला कळतं. बाईंची चाल सेकंदाला ०.८ मीटर. गुडघे दुखणाऱ्या, काठी टेकणाऱ्या, लहान मुलाचं बोट धरलेल्या माणसाची चाल साधारण इतकीच असते. सातातले दोन सेकंद उतरण्यात गेले, उरलेल्या पाचात चार मीटर झाले. पुढे राहिले १४. त्याला साडेसतरा सेकंद लागणार आणि हातात पंधरा. त्या तशाच पुढे गेल्या असत्या तर शेवटचे दोन मीटर बाकी असताना समोरून गाड्या सुटल्या असत्या.

बाईंचा हिशेब बरोबर होता.

आणि सिग्नल बसवणाऱ्याचाही चूक नव्हता, ही यातली खरी टोचणी. कागदावर सगळं नियमाप्रमाणे. फरक एवढाच की कागदावर चालणारा माणूस धडधाकट आहे, त्याच्या हातात पिशवी नाही, जमीन ओली नाही आणि हिरवा लागताच तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. अमेरिकेच्या वाहतूक नियंत्रणाच्या राष्ट्रीय नियमपुस्तकाने २००९ साली हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीन फुटांवर, म्हणजे १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणला. सुधारणा चांगलीच. पण आपल्या १८ मीटरच्या रस्त्यावर ती लावून पाहिली तर एकूण २३.८ सेकंद मिळतात आणि बाईंना लागतात साडेचोवीस. पाऊण सेकंदाने चुकामूक. घड्याळ वाढवत राहणं हा एक मार्ग आहे, पण दर वाढीव सेकंदासाठी वाहतूक खात्याशी वाद घालावा लागतो. दुसरा मार्ग लोकांना सहसा सुचत नाही: घड्याळ तसंच ठेवायचं आणि रस्ता लहान करायचा. मार्गिका साडेतीनच्या तीन मीटर केल्या की २ मीटर वाचतात. गाड्या लावायच्या पट्ट्या चौकापाशी बंद करून तिथे पदपथ पुढे आणला की आणखी ४. उरले १२. जुन्याच नियमाने पादचाऱ्यांना आता ७ अधिक १०, म्हणजे १७ सेकंद मिळतील. बाईंना उतरायचे दोन आणि चालायचे पंधरा मिळून १७ च लागतील. त्या पोचतात, आणि वाहनांना पाच सेकंद परत मिळतात ते वेगळेच. बारा मीटर ही त्या चालीची सीमारेषा आहे. त्यापुढे रुंदीचा प्रत्येक मीटर तिला जवळपास अर्ध्या सेकंदाने मागे टाकतो.

साडेतीन मीटर आले कुठून, हेही बघण्यासारखं आहे. ही महामार्गाची सवय आहे. ताशी शंभरने जाणारी गाडी थोडी इकडे-तिकडे झाली तरी शेजारच्या गाडीला घासू नये म्हणून ठेवलेली ऐसपैस जागा. तीच पुढे शहराच्या आराखड्यात उतरली, कारण तक्ता हाताशी होता आणि तक्त्यातला मोठा आकडा निवडला की काही झालं तर कुणी बोल लावत नाही. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. बस जाते ती मार्गिका सव्वातीन मीटर ठेवली आणि बाकीच्या तीन, तर शहरी वेगात काही बिघडत नाही. उलट जास्तीची जागा चालकाच्या पायाशी बोलते. रस्त्यावर ताशी ३० चा फलक आहे आणि रुंदी ताशी ६० ला साजेशी, तर माणूस रुंदीचं ऐकतो. फलक वाचावा लागतो, रुंदी आपोआप कळते. मग वेग वाढला म्हणून गतिरोधक येतात, त्यांनी पाठीचे मणके हलले म्हणून तक्रारी येतात, आणि रुंदी आहे तिथेच राहते.

३० आणि ५० यांतला फरक वीसचा वाटतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे धक्का पावणेतीन पटीहून थोडा जास्त बसतो. थांबण्याचं अंतर तर त्याहून बोलकं आहे. ३० ने येणाऱ्या चालकाला मूल दिसलं, भानावर यायला एक सेकंद गेला, तेवढ्यात गाडी ८.३ मीटर पुढे आली. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून आणखी पाचेक मीटर. साडेतेराच्या आत गाडी उभी. ५० ने येणाऱ्याला त्याच क्षणी तेच मूल दिसलं, तर नुसत्या भानावर येण्यात १३.९ मीटर संपतात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबलेली असते, तिथे दुसरी पोचते तेव्हा तिचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो.

पूर्ण पन्नासाने.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली जे धोरण स्वीकारलं, त्याचा गाभा हाच होता: माणसं चुकणारच, म्हणून चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशा वेगाचे रस्ते बांधायचे. नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोत, २०१९ च्या पूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार वाहनाखाली मेला नाही. त्यामागे चमत्कार नव्हता. कमी केलेले वेग, मध्यभागातून उठवलेली पार्किंगची शेकडो ठिकाणं, शाळांभोवतीचे बदल अशी कंटाळवाणी यादी होती. कंटाळवाण्या याद्यांवर माझा विश्वास आहे. आराखड्याच्या मुखपृष्ठावर झाडाच्या सावलीत हसणारी कुटुंबं दिसली की तो थोडा कमी होतो.

पुन्हा त्या चौकात येऊ. कोपऱ्यावर एक धुळीचा त्रिकोण होता. बारीक माती, चुरगळलेली पानं, काचेचे दोन-चार तुकडे, कुणाच्या तरी गाडीच्या चाकाचं निसटलेलं झाकण. असे त्रिकोण पाहायला शिकलं की नवं शहर दिसायला लागतं. जिथे चाक रोज फिरतं तिथे डांबर स्वच्छ आणि काळं राहतं. जिथे कधीच जात नाही तिथे धूळ साचते. हा त्रिकोण म्हणजे रस्त्यानेच लिहून दिलेली कबुली, की एवढी जागा वाहनांना नको आहे. बर्फ पडणाऱ्या शहरांत हेच चित्र हिवाळ्यात न तुडवलेल्या पांढऱ्या चकत्यांमधून दिसतं आणि तिथले लोक त्याचे फोटो काढून पालिकेला पाठवतात.

कोपऱ्याची गोलाई हा तर सगळ्यात दुर्लक्षित आकडा. त्या चौकात ती ९ मीटरची, म्हणजे ९ मीटर त्रिज्येची होती. पदपथावरून सरळ रेषेत, काठापासून दीड मीटर आतून चालत येणाऱ्या माणसाला ९ मीटरच्या गोलाईमुळे प्रत्येक टोकाला जवळपास ४ मीटर जास्त डांबर तुडवावं लागतं. १८ चे २६ होतात. गोलाई ३ मीटरची असती तर टोकाला अर्धा मीटरही वाढला नसता. मग आराखडा काढणारा काय करतो? २६ दिसायला वाईट दिसतात, म्हणून झेब्रा सात-आठ मीटर आत, गोलाई जिथे संपते तिथे सरकवतो. तिथे अंतर पुन्हा १८ होतं, पण वाट वाकडी होते. माणसं वाकडी वाट धरत नाहीत, नाकासमोर चालतात. ती झेब्रा सोडून चालतात म्हणून कोपऱ्यावर लोखंडी कठडा येतो. कठड्याला वळसा नको म्हणून चार जण त्याच्या बाहेरून, थेट गाड्यांच्या अंगाला घासून चालायला लागतात. आणि मग सभेत कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, लोकांना शिस्तच नाही. पहिली चूक गोलाईची होती, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

गोलाई कमी करा म्हटलं की अग्निशमन दलाचा बंब पुढे केला जातो. मुद्दा खरा आहे, पण त्याचं उत्तर शंभर वेळा दिलं गेलं आहे. रोज वळणारं वाहन कोणतं आणि क्वचित वळणारं कोणतं, हे वेगळं काढायचं. काठ आखायचा तो रोजच्या वाहनासाठी. बंब, मोठा ट्रेलर यांना वळताना शेजारची मार्गिका, वेळ पडली तर समोरचीही वापरू द्यायची. त्यासाठी समोरची थांबण्याची रेषा दोन-तीन मीटर मागे घ्यायची. तेवढ्यानेही भागत नसेल तर कोपऱ्याला खडबडीत दगडाची, चाक चढू शकेल अशी बुटकी कड द्यायची. मोटारीला ती नकोशी वाटते, बंबाला जाणवतही नाही. शिवाय चाक खरोखर ज्या कमानीवरून फिरतं ती काठाच्या कमानीपेक्षा मोठी असते, कारण मध्ये पार्किंगची पट्टी असते. म्हणून नुसता काठ टोकदार करून उपयोग नाही. पट्टीच्या रुंदीइतका पदपथ पुढे आणला तरच गाडीचा वेग उतरतो. अगदी पूर्ण रुंदीइतकाही नाही. वीस-तीस सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो, नाहीतर कडेने जाणारी चाकं दर आठवड्याला दगड फोडतात.

म्हणजे बारा मीटरचे साडेबारा झाले आणि बाई पुन्हा काही दशांश सेकंदांनी हरल्या. इथे ते उतरण्यातले दोन सेकंद आठवतात.

पदपथाचा काठ साधारण १५० मिलिमीटर उंच असतो. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार एकास बारा, म्हणजे १८०० मिलिमीटर लांब. पदपथच दोन मीटरचा असेल तर उताराने तो सगळा खाल्ला आणि सरळ जाणाऱ्याला विनाकारण खाली-वर करावं लागलं. त्याऐवजी रस्ताच वर उचलला तर? पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेलं ओलांडणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा तुकडा आहे. पायाला उतरावं लागत नाही, चाकाला चढावं लागतं. कोण कुणाच्या घरात आलंय ते फलकाशिवाय कळतं. पण तो बिघडतोही तितकाच सहज. रस्त्याच्या कडेने वाहणारं पाणी उंचवट्याला अडतं. चढाच्या बाजूला, उंचवट्याच्या अलीकडे जाळी आणि चेंबर दिलं नाही तर पहिल्याच पावसात तळं होतं आणि माणसं झेब्रा सोडून तळ्याला वळसा घालतात. नुसती नळी घालून पाणी पलीकडे काढू म्हणणाऱ्यांची नळी वर्षभरात गाळाने बुजते. बसमार्ग असेल तर वाहनाचा चढ एकास पंधरा किंवा वीस लागतो. एकास दहाचा ठेवला की मागच्या बाकावरची माणसं उडतात आणि महिन्याभरात कुणीतरी उंचवटा उखडून टाकायची मागणी करतं. आणि सगळं नीट केलं तरी शेवटी दगड आणि डांबर यांच्या सांध्यात वीस मिलिमीटरची पायरी राहते. वीस मिलिमीटर पायाला कळत नाहीत. चाकाच्या खुर्चीचं पुढचं छोटं चाक मात्र तिथे अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

त्याहून गुपचूप होणारी गोष्ट म्हणजे डांबराचे थर. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा चढवला की रस्ता चाळीस-पन्नास मिलिमीटर वर येतो. दोन-तीन वेळा असं झालं की १५० चा काठ पाऊणशेही उरत नाही, दुचाकी त्यावर सहज चढते, चेंबरची झाकणं खड्ड्यासारखी खोल जातात आणि पाणी दुकानांकडे वळतं. मग पदपथ उंच करतात. मग दुकानाचा उंबरा खाली जातो. ही शर्यत दोन खात्यांच्या दोन निविदांमध्ये वर्षानुवर्षं चालू असते आणि प्रत्येक टप्प्यावर काम ‘पूर्ण’ झालेलं असतं.

काठ मुळीच नको, सगळं एका पातळीत करा, असंही एक मत आहे. फरसबंदी एकसारखी, रेषा नाहीत, फलक नाहीत. वाहन आणि माणूस नजरेने एकमेकांना सांभाळतील. हान्स मोंडरमन या डच वाहतूक अभियंत्याने हा विचार गाजवला. मला त्यातला माणसावरचा विश्वास भावतो आणि तरी मन अडतं. नजरेने सांभाळायचं तर नजर हवी. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला काठ हाच भिंतीसारखा आधार असतो, आणि तो साठेक मिलिमीटरच्या खाली गेला की काठीला खात्रीने लागत नाही. ब्रिटनच्या सरकारने २०१८ साली अशा नव्या योजना थांबवायला सांगितलं ते अंध आणि अपंग लोकांच्या आक्षेपांमुळेच. एका पातळीचं काम करायचंच असेल तर कडेला ठिपक्यांची फरशी हवी. ही फरशी जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली तयार केली. १९६७ साली ती ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसली. गोल ठिपके म्हणजे थांब, लांब पट्टे म्हणजे या दिशेने चल. दोनच अक्षरांची लिपी, आणि ती बसवणाऱ्याला वाचता येत नसेल तर पट्टे सरळ विजेच्या खांबाला जाऊन धडकतात.

सायकलच्या वाटेचं दुखणं वेगळंच. ती नेमकी गरज असते तिथे संपते. दोन चौकांमधल्या सरळ रस्त्यावर रंगवलेली, छान लाल. चौक पन्नास मीटरवर आला की तुटक रेषा, मग काहीच नाही, मग पलीकडे पुन्हा लाल. अपघात तर चौकातच होतात, बहुतेक वेळा सायकल सरळ जाताना आणि शेजारची गाडी तिच्यावरून वळताना. नेदरलँड्समध्ये यावर जो उपाय रुळला तो रंगाचा नाही, अंतराचा आहे. चौकाच्या कोपऱ्यावर लहानसं बेट बांधतात आणि सायकलची वाट गाडीच्या वाटेपासून पाचेक मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीइतकी आत घेतात. गाडी आधी वळते, वळून सरळ होते, मग तिच्यापुढे सायकल आडवी येते. चालकाला मान मागे वळवून बघावं लागत नाही, समोरच्या काचेतूनच दिसतं. मागच्या गाड्यांना न अडवता तो तिथे थांबू शकतो.

बाकी तपशील बारीक आहेत आणि प्रत्येकात एकेक हाड मोडतं. उभ्या गाड्यांच्या शेजारून वाट नेली तर मध्ये ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर मोकळी पट्टी हवी, कारण दार अचानक उघडतं. एका दिशेची वाट दोन मीटरपेक्षा अरुंद केली तर हळू जाणाऱ्याला ओलांडता येत नाही, आणि वेगवान सायकलस्वार ती सोडून पुन्हा गाड्यांत शिरतो. काठ उभा आणि उंच असेल तर पेडल त्याला लागतं. तिरका, बुटका असेल तर चाक घसरून वर येतं, माणूस पडत नाही. गटाराच्या जाळीच्या सळ्या चाकाच्या दिशेने बसवल्या तर चाक त्यात रुततं. जाळी उचलून आडवी फिरवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, तरी ती वर्षानुवर्षं तशीच दिसते. पृष्ठभाग डांबराचाच हवा. ठोकळ्यांवरून सायकल चालवली की मनगटं सांगतात, की हे काम कागदावर बघून ठरवलंय.

शहराच्या जुन्या मध्यभागाचं नूतनीकरण म्हटलं की पहिलं चित्र डोळ्यांपुढे येतं ते वाहनं बंद केलेल्या रस्त्याचं. कोपनहेगनने १९६२ साली स्ट्रॉय हा सुमारे एक किलोमीटरचा बाजाररस्ता माणसांसाठी मोकळा केला तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध होता; आमच्या थंड हवेत कोण बाहेर रेंगाळणार, असं म्हटलं गेलं. लोक रेंगाळले. पण त्याआधी तीन वर्षं, १९५९ मध्ये अमेरिकेत कॅलमझू इथे मुख्य रस्ता असाच बंद केला गेला, पाठोपाठ तिथल्या शंभराहून अधिक गावांनी कित्ता गिरवला आणि त्यातले बहुतेक रस्ते पुढे पुन्हा गाड्यांना खुले करावे लागले. फरसबंदी दोन्हीकडे चांगलीच होती. फरक आजूबाजूला होता. कोपनहेगनच्या दुकानांवरच्या मजल्यांवर माणसं राहत होती, रस्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या रोजच्या वाटेवर होता. तिकडे वरचे मजले रिकामे होत होते आणि लोक गाडीने येऊन गाडीने जात होते. संध्याकाळी सहानंतर बाकांवर बसायला कुणी उरतच नव्हतं. रस्ता बंद करणं म्हणजे बाजार वाचवणं नव्हे. वरच्या खिडकीत दिवा हवा.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ साली केलं ते मला अधिक चतुर वाटतं. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि गाडीने एका भागातून दुसऱ्यात थेट जाणं बंद केलं. प्रत्येक भागात गाडी जाऊ शकते. पण शेजारच्या भागात जायचं तर बाहेर वळणरस्त्याला लागून पुन्हा आत. पायी आणि सायकलवर सगळं सरळ. कुणाच्या दारापर्यंतचा रस्ता तोडला नाही, फक्त मधून पार होण्याचा मार्ग काढून घेतला. बांधकाम जवळपास नाहीच. दिशादर्शक फलक, कुंड्या, अडथळे. बेल्जियमच्या गेंटने २०१७ मध्ये हेच केलं. मध्यभागातली पुष्कळ गर्दी मुळात तिथे आलेलीच नसते, ती नुसती तिथून चाललेली असते.

व्यापाऱ्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. गाडी दारात थांबली नाही तर गिऱ्हाईक जाईल, हा त्यांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो, कारण स्वतः गाडीने येणारा दुकानदार सगळ्यांनाच आपल्यासारखं समजतो. पण माल कुठे उतरवायचा, हा प्रश्न खरा असतो आणि आराखड्यात त्याला सहसा जागा नसते. सकाळचे ठरावीक तास, बाजूच्या गल्लीत दोन-तीन मोठ्या गाड्यांची जागा, हातगाडी जाईल असा सपाट रस्ता, एवढं आधी ठरलं नाही तर पहिल्या आठवड्यातच टेम्पो नव्या फरशीवर चढतो आणि पायदळी जाणाऱ्या वजनासाठी घातलेली फरशी चरचरून फुटते. तसंच जमिनीखालचं. पाणी, सांडपाणी, वीज, तारा हे सगळं आधी करायचं आणि रस्त्याखालून ठरावीक अंतरावर चार रिकाम्या नळ्या आडव्या टाकून ठेवायच्या, पुढे कुणाला खणावं लागू नये म्हणून. त्या नळ्या उद्घाटनाच्या फोटोत येत नाहीत. म्हणून त्या वगळल्या जातात, आणि वर्षभरात नव्या फरसबंदीच्या मधोमध सिमेंटचा ओबडधोबड पट्टा उमटतो.

एक गाडी उभी करायला साडेबारा चौरस मीटर लागतात, आत-बाहेर करायची जागा धरली तर दुप्पट. तेवढ्यात दहा-बारा सायकली राहतात, किंवा एक मोठं झाड. झाडाचं म्हणाल तर चौकोनी भोक ठेवून त्यात रोप लावणं म्हणजे झाड लावणं नव्हे. मुळांना दहाएक घनमीटर तरी मोकळी माती लागते. फरशीखाली ठोकून दाबलेला मुरूम असेल तर मुळं फरशी आणि मुरूम यांच्यातल्या पोकळीतून पसरतात आणि फरशा उचलतात. मग झाडावर फरशा उचकटल्याचा आरोप.

आधी स्वस्तात करून पाहावं, हे मला पटतं. न्यूयॉर्कने २००९ च्या मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरपाशी ब्रॉडवे गाड्यांना बंद केला तेव्हा बसायला घडीच्या स्वस्त खुर्च्या टाकल्या होत्या. पक्कं बांधकाम कितीतरी नंतर झालं. धुळीच्या त्रिकोणावर खडूने रेघ मारायची, तिच्यावर शंकू ठेवायचे, आठवडाभर बघायचं. शंकू कुठे चिरडला जातो ते कुठल्याही संगणकापेक्षा खरं सांगतं. त्याच जागी वळणारी बस अडत असते. तेवढा एक शंकू अर्धा मीटर मागे घ्यायचा, पुन्हा आठवडाभर बघायचं. प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, रंग सहा महिन्यांत उडतो, कुंड्या रात्रीतून सरकतात, आणि पुढच्या टप्प्याचे पैसे आलेले नसतात. मग ओसाड पडलेला प्रयोगच विरोधकांचा पुरावा होतो. दोन, आधीची मोजणी केलेली नसते. किती माणसं ओलांडत होती, वेग किती होता, किती जण अर्ध्यावर अडकत होते, हे प्रयोगाच्या आधी कुणी कडेला बसून, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करून लिहिलं नसेल, तर नंतरचे आकडे कशाशी ताडायचे?

आणि त्या रकान्यांतही परत फिरलेल्यांचा रकाना नसतो. ओलांडले ते मोजले जातात, पडले ते मोजले जातात. चार मीटर जाऊन मागे आलेलं माणूस ना इकडे, ना तिकडे.

बाई परत काठावर चढल्या. चढताना पुन्हा खांबाला हात. त्या चौकाचं पूर्ण चक्र १२० सेकंदांचं होतं, त्यामुळे बराच वेळ थांबावं लागणार होतं. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आता त्या हिरव्या माणसाकडे बघत नव्हत्या. बाजूच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा दिवा पिवळा कधी होतो तिकडे त्यांचे डोळे होते. तो पिवळा झाला. समोर अजून लाल माणूस होता. त्यांनी खांब सोडला आणि एक पाय खाली ठेवला, मग दुसरा.